आप्पांचं काय काय सांभाळायचं? (पेटी, मोडी, दुर्बीण आणि बाकी सगळं)

चरईची_नात

आमचे आप्पा, म्हणजे माझ्या बाबांचे वडील, गेल्या कार्तिकात गेले. येत्या नोव्हेंबरात वर्ष होईल. त्याच सुमारास ठाण्यात चरईतली आमची इमारत पुनर्विकासाला जाणार, म्हणजे घर रिकामं करायचं. सामानाची यादी करायला बसलो आणि पहिल्याच कपाटाशी अडलो. पत्र्याच्या डब्यात पेटीचे (हार्मोनियमचे) पितळी सूर, कागदात गुंडाळलेले, प्रत्येकावर शिसपेन्सिलीने खूण. त्याखाली मोडीच्या वह्या. मागे व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) आणि कानशी, तेलाच्या फडक्यात. माळ्यावर बांबूच्या कामट्यांचा भारा, एक मर्फी रेडिओ आणि सहा इंची आरशाची दुर्बीण, जी त्यांनी स्वतः घासून तयार केली होती. भंगारात द्यावं असं यातलं एकही नाही, आणि नव्या घरात जागा आहे एका कपाटाची.

आप्पा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. तिथे शेड उभ्या राहत होत्या त्या काळात ते कोकणातून आले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. चरईतून सायकलने जायचे. शिक्षण म्हणावं तर मॅट्रिक आणि कारखान्यातली उमेदवारी. पण हातात सूतभर फरक ओळखण्याची ताकद होती, आणि हा फरक त्यांना लोखंडातच कळायचा असं नाही. स्वर उतरलेला कळायचा, घड्याळाची टिकटिक लंगडी झालेली कळायची, वालाला नीट मोड आलेत की नाही हे फडकं न सोडता कळायचं.

मला त्यांच्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. ते फार गोष्टी करायचे म्हणून मोठे होते असं मला वाटत नाही. असे हरहुन्नरी आजोबा पुष्कळांच्या घरी होते. आप्पा कुठलंही काम एकट्याने करत नसत, हे मला त्यांचं खरं मोठेपण वाटतं. घरी आलेल्या कुणालाही, मग तो पोस्टमन असो, गॅसवाला असो की बाबांचा साहेब, दोन मिनिटांत ते म्हणायचे, "धर जरा." आकाशकंदिलाची कामटी धर, बॅटरी धर, भात्यावर हात ठेव. धरता धरता ते का आणि कसं हे सांगत राहायचे. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक कलेचा तुकडा कुणा ना कुणाकडे आहे. सगळं मात्र एकट्या कुणाकडेच नाही. बाबांना पेटी येत नाही पण रेडिओ येतो. मला मोडीतलं जेमतेम वाचता येतं, कंदील मात्र डोळे मिटून करता येतो. आत्याला बिरडं येतं. शेजारच्या काकांना घड्याळ उघडता येतं, बंद करायला आप्पाच लागायचे.

म्हणून वर्षाच्या दिवशी नुसतं फोटोला हार घालून जेवणावळ करण्यापेक्षा, ज्यांनी ज्यांनी काही 'धरलं' होतं त्यांना बोलवावं आणि प्रत्येकाने आपला तुकडा दाखवावा, असं मनात आहे. धार्मिक विधी सकाळी होतीलच, माईची, म्हणजे आजीची, तशी इच्छा आहे. पण दुपारनंतरचा वेळ आपला.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या वस्तूंचं काय करावं, आणि त्या तोपर्यंत खराब होऊ नयेत म्हणून काय करावं? आणि तुमच्याही घरी असं कुणी होतं का? जरूर लिहा. घरच्यांना वाचून दाखवणार आहे.

साबुदाणा_खिचडी

वाचतेय. कंदिलाबद्दल अजून लिहाल का? हल्ली कामट्याच मिळत नाहीत.

चरईची_नात

@साबुदाणा_खिचडी, कामट्या अजून मिळतात, जांभळी नाक्याच्या बाजारात दिवाळीआधी बुरूडकाम करणारे बसतात, त्यांच्याकडे विचारा. आप्पा कामट्या रात्रभर पाण्यात ठेवायचे म्हणजे वाकवताना मोडत नाहीत. सांगाडा बांधायला दोराच, तार नाही. तारेने कामटी कापली जाते. खळ मैद्याची, आणि त्यात शिजवतानाच चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट), नाहीतर दिवाळी संपायच्या आत झुरळं कागद खातात. (मोरचूद विषारी आहे, लहान मुलांच्या हातात देऊ नका. खळ लावायचं काम आप्पा मोठ्यांनाच द्यायचे.) कागद चिकटवल्यावर वरून पाण्याचा हलका हबका मारायचा. वाळताना कागद ताणला जातो आणि ढोलकीच्या पुडीसारखा टण वाजतो. तो वाजला तरच कंदील पास.

कागदाच्या करंज्या शेवटी. झिरमिळ्या माईच्या हातच्या.

जांभळीनाका

अहो, तुम्ही आप्पांची नात! मी तुमच्याकडे पेटी घेऊन यायचो, आमच्या भजनी मंडळाची. नंतर पेटी नसली तरी यायचो.

पेटीचं मी सांगतो, कारण तो तुकडा माझ्याकडे आहे.

पेटीत सुरांच्या ओळी असतात: खर्ज, नर, मादी. एक पट्टी दाबली की दोन किंवा तीन सूर एकदम बोलतात. ते आपसात जुळलेले नसतील तर आवाजात डोल येतो, वाँव-वाँव असं ऐकू येतं. आप्पा तो डोल मोजायचे. डोल जलद असेल तर फरक जास्त, मंद होत गेला की जवळ आलो, थांबला की जुळला. सूर चढवायचा असेल तर पितळी जिभेच्या टोकाकडे अगदी हलकं खरवडायचं, उतरवायचा असेल तर रिव्हेटच्या बाजूला, मुळाशी. टोक हलकं झालं की जीभ जलद हलते. मूळ पातळ झालं की मंद हलते. हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं आणि मग कितीतरी दिवस कानसच हातात दिली नाही. "आधी ऐक. डोल कुठल्या बाजूचा आहे ते सांग." फक्त ऐकायचं काम! तेव्हा राग यायचा. आज माझ्याकडे पेट्या येतात त्या त्या ऐकण्यामुळे येतात.

अजून एक. बाजारातली पेटी पियानोच्या हिशोबाने लावलेली असते, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग. त्यात शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा पडतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पेटीचा गंधार ४०० वर आणि तंबोऱ्यातला ३८६ च्या आसपास. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली त्यामागे जे आक्षेप होते त्यातला हा एक, दुसरा म्हणजे पेटीवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. या सगळ्या काळात आपल्या नाट्यसंगीतवाल्यांनी आणि भजनवाल्यांनी पेटी सोडली नाही, हे आप्पा अभिमानाने सांगायचे. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांचं नाव निघालं की हातातलं काम खाली ठेवायचे. आमच्या मंडळाची पेटी त्यांनी आमच्या बुवांच्या पट्टीला, काळी दोनला, गंधार ट्यूनिंगने, म्हणजे तंबोऱ्यातल्या स्वरांशी जुळवून, लावून दिली होती. दुसऱ्या पट्टीत ती बेसूर लागते हे आधीच बजावून सांगितलं होतं. बुवा ऐकून गप्पच बसले. मग म्हणाले, आता गायला सोपं जातंय.

तुमच्या प्रश्नाबद्दल: पेटी बंद करून माळ्यावर ठेवू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, भात्याच्या घड्यांना बुरशी येते. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं वाजवा, कुणीही, कसंही. एखादा सूर अचानक बोलेनासा झाला तर बहुतेक वेळा जिभेखाली कचरा असतो. पातळ कागदाची पट्टी हळूच जिभेखालून फिरवायची. स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही. त्या डब्यातले सुटे सूर कुणाला देऊ नका. जुन्या पितळेचे असतील तर आज तसे मिळणं कठीण. वर्षाच्या दिवशी मी येतो, पेटी लावून देतो. कुणीतरी भाता धरायला लागेल.

कोलशेतकर

ताई, मी लिहू का रेडिओचं? (मी हिचा आतेभाऊ.)

मर्फीचा कारखाना ठाण्यातच होता, त्यामुळे ठाण्यात घरोघरी मर्फी. आमच्या घरातला सेट व्हॉल्व्हचा. चालू केला की अर्धा मिनिट काहीच नाही, मग व्हॉल्व्ह तापून लाल दिसायला लागायचे आणि आवाज यायचा. जुन्या सेटमध्ये सगळ्यात आधी जातो तो फिल्टर कंडेन्सर, मग घूं असा आवाज गाण्याच्या खाली सतत राहतो. आबा (मी त्यांना आबा म्हणतो, बाकी सगळे आप्पा) कंडेन्सर बदलायला बसले की मला बॅटरी धरायला लावायचे आणि माझा दुसरा हात खिशात घालायला लावायचे. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये अडीचशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये शिल्लक राहतात. दोन्ही हात आत असले तर करंट छातीतून जातो. एक हात खिशात, म्हणजे चुकलं तरी बोटावर निभावतं. मी आज विजेच्याच कामात आहे आणि साईटवरच्या पोरांना हेच शिकवतो.

मोडीवाचक

मोडीच्या वह्यांबद्दल थोडं विचारायचं आहे. त्या वह्या म्हणजे त्यांनी वाचलेल्या कागदांचं लिप्यंतर आहे की सराव?

चरईची_नात

दोन्ही आहे. त्यांना मोडी त्यांच्या वडिलांनी शिकवली. चरई, महागिरी, उथळसर, पार कळव्यापर्यंतचे लोक घरातले जुने कागद घेऊन यायचे. खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं. आप्पा वाचून बालबोधमध्ये (देवनागरीत) उतरवून द्यायचे आणि एक प्रत वहीत ठेवायचे. पैसे घेत नसत. ज्याचा कागद त्याने शेजारी बसून शाई आणि टाक धरायचा, एवढीच अट. एका कागदाच्या वेळी मी बसले होते. दोन भावांच्या वाटणीत आंब्याच्या झाडाच्या फांद्या कुणाच्या, हे लिहिलेलं होतं. झाड एकाच्या हद्दीत, सावली दुसऱ्याच्या. तो कागद घेऊन आलेले काका वाचन ऐकता ऐकता रडले, कारण ते झाड त्यांनी पाहिलेलं होतं.

मोडीवाचक

मग त्या वह्या फार मोलाच्या आहेत, कृपया आधी त्यांच्याकडे बघा.

मोडीत शिरोरेघ आधी पानभर ओढून घेतात आणि मग खाली लिहीत जातात, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. वळण प्रत्येक लेखनिकाचं वेगळं. त्यामुळे एकाच भागातले पुष्कळ कागद वाचलेल्या माणसाने केलेलं लिप्यंतर हाताशी असेल तर नव्या माणसाला त्या भागातली गावं, शेतांची नावं, आडनावं ओळखता येतात. मूळ कागद ज्यांचे त्यांच्याकडे गेले, पुष्कळ आता नसतीलही. मग आप्पांची प्रतच उरली.

जुन्या कागदांतल्या सनांचाही घोळ असतो. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक कागद शकाचे, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. (वर्षाच्या शेवटच्या पौष-माघ-फाल्गुनात ७९.) पेशवाईतल्या कागदांत सुहूर सन अरबी शब्दांत असतो: 'सबा सलासीन मया व अलफ' म्हणजे सात, तीस, शंभर आणि हजार, ११३७. हा सन मृगाला सुरू होतो, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं ते मार्च १७३७, म्हणजे याच सनात. तुमच्या वहीत तारखांचे असे हिशोब समासात केलेले असतील, बघा.

काय करावं: वह्यांना प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दमट होतात. सेलोटेप कुठेही लावू नका. आधी प्रत्येक पानाचा सरळ वरून, दिवसाच्या उजेडात फोटो काढा. मग मूळ वह्या घरी ठेवा किंवा एखाद्या ग्रंथालयाला द्या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, तिथे एकदा विचारून बघायला हरकत नाही. पण त्यात लोकांच्या जमिनींचे खाजगी व्यवहार आहेत हे लक्षात ठेवा. ज्या कुटुंबांचे कागद होते त्यांतली जी सापडतील त्यांना आधी विचारा.

चरईची_नात

समासात आकडे आहेत! कालच पाहिले आणि मला ते बेरजांचे हिशोब वाटले होते, वाण्याचे. ७८ दर पानावर आहे. मनापासून आभार.

खाडीकाठची

आमच्याकडचं सांगते. माझे सासरे बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातले. शाळेत फार गेले नाहीत. होडी दुरुस्त करायचे, जाळं विणायचे, लग्नात गाणी म्हणायचे, आणि भरती-ओहोटीचा हिशोब त्यांच्या बोटांवर. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, सहाच्या सुमाराला पाणी भरणार, सकाळी आणि संध्याकाळी. रोज साधारण पाऊण तास पुढे. खाडीत आत जाल तसं थोडं उशिरा. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती). उधाणाला पाणी आत कुठवर येतं हे त्यांना माहीत होतं, म्हणून पावसाळ्यात मोठा पाऊस आणि उधाण एका दिवशी आलं की ते आधीच वस्तीत सांगत फिरायचे.

माझी मुलगी आता समुद्रशास्त्र शिकते. तिला आजोबांचा पाऊणपट का लागू पडतो ते वर्गात कळलं: चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. तिने घरी येऊन आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, तेच तर मी सांगतोय, फक्त तिथीने.

जितडा मासा कधी मिळतो, निवट्या कुठल्या चिखलात, हे सगळं त्यांच्याबरोबर जाणार ही भीती मला रोज वाटते. ते आहेत अजून. तुमचा धागा वाचून आजच फोनवर त्यांचा आवाज घ्यायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी जाळ्याच्या गाठींबद्दल बराच वेळ बोलले.

चरईची_नात

@खाडीकाठची, आवाज घ्याच, पण हातांचा व्हिडीओही घ्या. आमच्याकडे आप्पांचे फोटो शेकड्याने आहेत, सगळे समारंभातले, खुर्चीत बसलेले. काम करतानाचे अगदी थोडे. जाळं विणताना बोटं कशी फिरतात ते बोलण्यात येणार नाही.

ध्रुवमत्स्य

दुर्बिणीचा उल्लेख वाचून थांबलो. सहा इंची आरसा, स्वतः घासलेला? कृपया सविस्तर लिहा. आणि तो आरसा कापडाने पुसू नका, कुणीही, अगदी मऊ कापडानेही नाही!

चरईची_नात

नाही पुसला. माईने कुणाला हात लावू दिलेला नाही.

मी तेव्हा नव्हते, बाबांकडून ऐकलेलं लिहिते. जाड काचेच्या सहा इंची दोन चकत्या आणल्या. गच्चीवर पत्र्याचं पिंप पाण्याने भरून ठेवलं, जड व्हावं म्हणून, त्यावर एक चकती पक्की केली. वर दुसरी. मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड. वरची चकती पुढे-मागे घासायची, थोडी फिरवायची, आणि स्वतः पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. असं करत राहिलं की वरची काच आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. आधी भरड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. पूड बदलताना सगळी गच्ची धुवायची, कारण भरड पुडीचा एक कण राहिला तरी आरशावर ओरखडा. धुवायचं काम बाबा आणि आत्याचं. चाळीतली पोरं पिंपाभोवती आप्पांच्या मागे गोल फिरायची.

खोली किती हवी होती माहीत आहे? मधोमध जेमतेम १.२ मिलिमीटर. अठ्ठेचाळीस इंच नाभीय अंतरासाठी तेवढीच लागते. ती मोजायला टूलरूमचा माणूसच हवा. शेवटी राळेच्या थरावर सेरियम ऑक्साईडने पॉलिश. आणि मग स्वयंपाकघरात रात्री दिवे घालवून दाढीचं पातं आणि बारीक फटीतून येणारा प्रकाश घेऊन तपासणी. बाबा म्हणतात, पात्याच्या कडेला आरशावर सावल्या दिसायच्या आणि त्यावरून आप्पा सांगायचे, इथे उंचवटा आहे. बोटाने दिसणार नाही, मायक्रोमीटरलाही लागणार नाही असा उंचवटा.

त्या दुर्बिणीतून १९९७ ला हेल-बॉप धूमकेतू चरईच्या गच्चीवरून अख्ख्या गल्लीने पाहिला. (तो नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता, पण रांग दुर्बिणीला होती.) १९९५ च्या दिवाळीत, २४ ऑक्टोबरच्या सकाळी, सूर्यग्रहणाची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडून दाखवली. आपल्याकडे खंडग्रासच होतं, उत्तरेत खग्रास. सूर्याकडे दुर्बिणीतून कुणी डोळा लावू नये म्हणून ते स्वतः तिच्याशेजारी उभे राहिले आणि ग्रहण सुटेपर्यंत हलले नाहीत.

मला स्वतःला आठवतं ते २००९ च्या सुरुवातीचं. शनी दाखवला, आणि कडी नव्हती! म्हणजे एक बारीक रेघ होती, गोळ्याच्या आरपार. मी हिरमुसले. आप्पा म्हणाले, साधारण दर पंधरा वर्षांनी कडी आपल्याकडे कडेने वळते, हे बघायला मिळालं म्हणजे तू नशीबवान, कडी तर एरवी दिसतेच. पुढची वेळ २०२५, तेव्हा तू मला दाखव.

ध्रुवमत्स्य

मग वर्षाच्या दिवशी दुर्बीण गच्चीवर लागलीच पाहिजे. २०२५ च्या या नोव्हेंबरात शनीची कडी पुन्हा जवळजवळ कडेने आहे, महिन्याच्या उत्तरार्धात तर अगदी रेघ. अंधार पडला की शनी आग्नेयेला चांगला उंच असतो, ठाण्याच्या उजेडातही ग्रह दिसायला अडचण नाही.

आरशाबद्दल: काच तशीच राहते, वरचा ॲल्युमिनियमचा थर मात्र वर्षांनी काळवंडतो. आरशाच्या मागून विजेरी धरून बघा, खूप ठिकाणी ठिपके चमकले तर थर गेलाय. तो रासायनिक पद्धतीने काढून निर्वात पेटीत नवा देता येतो, आकाराला धक्का लागत नाही. घाई करू नका, नोव्हेंबरचं निरीक्षण आहे त्या थरावर होईल. धूळ असेल तर रबरी पंपाने हवा मारा, बस. आणि आरसा काढताना मागे कडेला खूण करा, कुठली बाजू वर होती ती.

मी येऊ का मदतीला? मोठा आरसा आणि नळीतला छोटा आडवा आरसा जुळवायला दोन माणसं लागतात.

चरईची_नात

या! नक्की या. व्यक्तिगत निरोप पाठवते.

पाचपाखाडी_६५

सगळं छान आहे, पण एक विचारते, राग मानू नका. गच्चीवर पिंप, स्वयंपाकघरात काळोख, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'धर जरा' म्हणून बसवून घेणं. या सगळ्यांचे चहा कुणी केले? माझ्या वडिलांनाही असेच दहा छंद होते आणि आईला एकही नव्हता, कारण तिला वेळच नव्हता. आता वडिलांच्या आठवणी निघतात तेव्हा आईचं नाव तळटीपेत येतं. तुमच्या माई अजून आहेत असं दिसतं. त्यांचा तुकडा कुठे आहे?

कोलशेतकर

बरोबर विचारलंत.

चरईची_नात

@पाचपाखाडी_६५, राग कशाला. तुमचा प्रतिसाद मी माईला वाचून दाखवला.

माई म्हणाली, चहा तिने केले, खूप केले, आणि पिंपाच्या दिवसांत ती वैतागली होती कारण गच्चीवर पापड वाळत घालता येईनात. शेवटी तिने आप्पांना सांगितलं, संध्याकाळी सहानंतर घासा. मग सहानंतरच घासायचे. दर रविवारी दुपारी ती ग्रंथसंग्रहालयात जायची, एकटी, आणि त्या वेळात आलेल्यांचं चहापाणी आप्पांनी करायचं हे लग्नानंतर काही वर्षांतच ठरलेलं होतं. वालाचं बिरडं आप्पांनी शिकून घेतलं ते त्या रविवारांमुळे. आदल्या रात्री वाल भिजत, मग फडक्यात बांधून मोड, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. घरात जो असेल तो सोलायला बसायचा. हे मला आजवर माहीत नव्हतं, मला वाटायचं त्यांना स्वयंपाकाची हौस.

आणि तिने एक गोष्ट सांगितली ती इथे लिहायची परवानगी घेतली आहे. मोडीच्या वह्यांतली बालबोध अक्षरं बऱ्याच ठिकाणी तिची आहेत. आप्पा वाचायचे, ती उतरवून घ्यायची. ऐकून ऐकून तीही वाचायला शिकली. आम्हाला वाटत होतं मोडी वाचणारं घरात आता कुणी नाही.

मोडीवाचक

मग आधी माईंना भेटतो, वह्या नंतर.

साबुदाणा_खिचडी

माईंना माझा नमस्कार सांगा.

नौपाडा_जुना

वस्तूंबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. माझ्या काकांच्या बाबतीत आम्ही सगळं जपून ठेवलं, काचेच्या कपाटात. वापरात नसल्याने घड्याळांची तेलं सुकली, कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी आली. हत्यारं वापरणाऱ्याकडे जाऊ द्या. कानस आणि व्हर्नियर एखाद्या आयटीआयतल्या पोराला द्या, जो रोज वापरेल. पेटी ज्याला लावता येते त्याच्याकडे. घरात एक-दोन वस्तू ठेवा, ज्या घरातलं कुणीतरी वापरणार आहे. बाकी वाटा, आणि कुणाला काय दिलं त्याची वही ठेवा.

कोलशेतकर

मामाचं मत याच्या उलट आहे, त्याला सगळं एकत्र हवंय. ताई, त्याच्याशी तू बोल, तुझं ऐकतो.

चरईची_नात

बोलले बाबांशी. माई, आत्या आणि बाबा बसले आणि असं ठरलं. पेटी @जांभळीनाका यांच्याकडे जाईल, सुट्या सुरांच्या डब्यासकट. अट एकच, वर्षातून एकदा गणपतीत ती आमच्याकडे वाजायला यावी. व्हर्नियर आणि कानशी आतेभावाच्या साईटवर नुकताच लागलेला एक मुलगा आहे, त्याला. रेडिओ बाबा ठेवणार, कंडेन्सर बदलून. दुर्बीण माझ्याकडे, त्या एका कपाटात तीच राहील. मोडीच्या वह्या माईकडे. फोटो काढायचं काम मी सुरू केलंय आणि जिथे अक्षर लागत नाही तिथे माई सांगते. घड्याळाची डोळ्याची काच शेजारच्या काकांनी मागितली, दिली. बंद करायचंही आता ते शिकणार म्हणतात.

वर्षाच्या दिवशी दुपारी तीनपासून चरईच्या घरी. इमारतीतला तो शेवटचा कार्यक्रम असेल, म्हणून गल्लीतले सगळे येणार आहेत. इथल्या ज्यांना यायचंय त्यांनी व्यक्तिगत निरोप करा, पत्ता पाठवते. बिरडं चाळीसेक जणांचं आहे आणि आत्याने आधीच सांगितलंय की सकाळी नऊपासून वाल सोलायला माणसं लागतील. जांभळी नाक्याहून मोठी पातेली आणायला एक टेम्पोवालाही हवाय, कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा.

जांभळीनाका

टेम्पोचं माझ्याकडे. आणि नऊला मी पण येतो सोलायला.